चिनी तत्त्वज्ञान गेममध्ये नेमकं दिसतं कुठे? वुकाँग, नाइन सोल्स आणि बाकीचे, स्पॉयलर आहेत

कंट्रोलर

ब्लॅक मिथ वुकाँग २० ऑगस्ट २०२४ ला आला, पहिल्या तीन दिवसांत एक कोटी कॉपी खपल्या, आणि तेव्हापासून त्यावर जे काही बोलणं झालंय ते बहुतेक ग्राफिक्स आणि बॉस किती अवघड एवढ्यावरच. मला जरा वेगळं काढायचंय. चिनी गेम म्हटला की ड्रॅगन, पॅगोडा, लाल कंदील, बांबूचं बन हे ठरलेलं, आणि रिव्ह्यू लिहिणारे लगेच म्हणतात की गेममध्ये ताओवाद (जोर न लावता निसर्गाच्या ओघाने जावं म्हणणारा चिनी विचार) ठासून भरलाय. मला हे पटत नाही. कंदील म्हणजे नेपथ्य झालं. एखादा विचार गेममध्ये खरंच उतरलाय का हे बघायचं तर तो गेम आपल्या हातांकडून काय करून घेतो ते बघायला हवं.

मी यासाठी एक जुनी कसोटी वापरतो. अकराव्या शतकात, उत्तर सुंग काळात, ग्वो शी नावाचा दरबारी चित्रकार होऊन गेला, त्याचं १०७२ सालचं वसंताच्या सुरुवातीचं निसर्गचित्र आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. चित्रकलेवरचे त्याचे विचार त्याच्या मुलाने नंतर लिहून काढले. त्यात तो म्हणतो की डोंगर-पाण्याची काही चित्रं अशी असतात की त्यातून चालत जावंसं वाटतं, काही नुसती बघत राहावीशी वाटतात, काहींमध्ये मनसोक्त भटकावंसं वाटतं आणि काहींमध्ये जाऊन राहावंसंच वाटतं. चारही चांगलीच, पण भटकण्या-राहण्याजोगी चित्रं वरच्या दर्जाची. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाने ओपन वर्ल्ड (मोकळं फिरता येणाऱ्या) गेमचं परीक्षण कसं करावं हे सांगून ठेवलंय असं मला हे वाचताना वाटलं.

आता ही कसोटी वुकाँगला लावा. वुकाँग बनवणाऱ्या गेम सायन्स कंपनीच्या टीमने खरी देवळं, खऱ्या मूर्ती स्कॅन करून गेममध्ये आणल्या. ३६ जागा आहेत म्हणे आणि त्यातल्या २७ एकट्या शान्शी प्रांतातल्या. तिसऱ्या चॅप्टरचं छोटं पश्चिमस्वर्ग देऊळ घ्या. शी काउंटीमधलं हे मूळ देऊळ मिंग काळाच्या शेवटाकडचं, १६२९ चं, आणि त्याच्या मुख्य दालनात भिंतीपासून छतापर्यंत हजारावर मूर्ती अक्षरशः लटकवल्यासारख्या बसवल्यात, काही बोटाएवढ्या, काही माणसाहून मोठ्या. गेममध्ये तिथे पोचल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता कॅमेरा फिरवत बसलो होतो. पण त्याच गेममध्ये एखादी पायवाट दिसते, कडा दिसतो, तिकडे जायला बघाल तर हवेतच आपटता. अदृश्य भिंती. म्हणजे ग्वो शीच्या भाषेत वुकाँग हा 'बघण्याजोगा' गेम आहे, अप्रतिम बघण्याजोगा, पण भटकण्याजोगा नाही.

याउलट नाइन सोल्स. मे २०२४ चा, रेड कँडल गेम्सचा, टूडी, हाताने काढलेला. त्यात मला ताओ बोटांत जाणवला, त्याबद्दल खाली सविस्तर लिहीन. आधी तुमचं ऐकू दे.

जुनी_पोथी

धागा आवडला पण वुकाँगवर अन्याय होतोय. नेपथ्यापलीकडे त्यात काही नाही असं म्हणण्याआधी मूळ कथा बघायला हवी, कारण गेम त्या कथेशी फार बारकाईने बोलतो.

'पश्चिमेची यात्रा' ही शंभर प्रकरणांची कादंबरी १५९२ साली छापली गेली. चौदाव्या प्रकरणात तिचा नायक, माकडवीर वुकाँग, डोंगराखालच्या कैदेतून सुटतो आणि गुरूबरोबर निघतो न निघतो तोच वाटेत सहा दरोडेखोर भेटतात. त्यांची नावं काय, तर डोळा-बघून-हर्ष, कान-ऐकून-क्रोध, नाक-हुंगून-प्रेम, जीभ-चाखून-विचार, मन-जाणून-वासना आणि देह-मूळचं-दुःख. म्हणजे सहा इंद्रियं. वुकाँग सहाही जणांना तिथल्या तिथे मारून टाकतो, गुरू चिडतो, भांडण होतं आणि पुढे त्याच प्रकरणात वुकाँगच्या डोक्यावर ते सोन्याचं कडं चढतं, ज्याने गुरू त्याला ताब्यात ठेवतो.

गेममध्ये आपण काय गोळा करत फिरतो? वुकाँग मेल्यावर त्याचे जे सहा अवशेष झाले ते, आणि त्यांना नावं दिलीत ती या सहा दरोडेखोरांचीच. ज्याने इंद्रियांना एका फटक्यात संपवलं होतं तोच आता सहा इंद्रियांत विखुरलाय आणि आपण त्याला परत जोडतोय. मग शेवट असा की सगळं जोडून झाल्यावर म्हातारं माकड आपल्या डोक्यावर तेच कडं ठेवतं. एवढ्या मारामाऱ्या केल्या कशासाठी, तर पुन्हा त्याच बंधनात अडकायला. बौद्ध विचारातलं जन्मांचं चक्र याहून नेमकं मी कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

आणि कंट्रोलर, तुमच्या भटकंतीच्या मुद्द्यावर. कडं न चढणारा दुसरा शेवटही आहे, पण तो हवा असेल तर आधीच्या चॅप्टर्समधल्या लपलेल्या जागा शोधाव्या लागतात, छोट्या-छोट्या राक्षसांची कामं करावी लागतात, मग एका भित्तिचित्रातून मेई पर्वतावर जाऊन अर्लांग या देवाशी लढावं लागतं. सरळ रस्त्याने धावत सुटलात तर कडं नक्की. वाट सोडलीत तरच सुटका. मला तर हे हातांकडून करून घेतलेलं तत्त्वज्ञानच वाटतं.

कंट्रोलर

@जुनी_पोथी, सहा अवशेष आणि सहा दरोडेखोर हे माझ्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. भारीच. अदृश्य भिंतींबद्दलचं मत मात्र कायम आहे, कारण लपलेल्या जागा शोधायला लावायच्या आणि खोटा कडा कुठला, खरा कुठला ते कळू द्यायचं नाही, याने माणूस भटकायचंच सोडून देतो आणि यूट्यूबवर गाइड बघतो.

रात्रपाळी

मला वुकाँगमधलं सगळ्यात चिनी काय वाटलं सांगू? दुसऱ्या चॅप्टरच्या सुरुवातीला वाळवंटात एक मुंडकं नसलेला माणूस बसलेला असतो, मांडीवर तीन तारांचं सानशियान, आणि तो पीतवायू कड्याची कथा गातो. ती उत्तर शेन्शीकडची कथा सांगण्याची लोकपरंपरा आहे, आवाज खरबरीत, मध्येच बोलल्यासारखा, मध्येच टिपेला गेलेला. लढाई नाही, बटण दाबायचं नाही, नुसतं ऐकायचं. शब्द कळत नव्हते तरी मी प्रत्येक वेळी थांबून ऐकलं.

आणि चेकपॉइंट म्हणजे भूमिदेवाचं छोटं ठाणं, तिथे उदबत्ती लावायची. प्रत्येक वेळी. गेमभर शेकडो वेळा आपण गावदेवापुढे उदबत्ती लावतो, त्याची सवय होते. कंट्रोलरच्या व्याख्येप्रमाणे हे पण हाताने केलेलंच ना?

शाईदौत

चित्रकलेच्या बाजूने थोडं लिहिते, कारण ग्वो शीचं नाव इथे बघून राहवलं नाही.

चिनी निसर्गचित्राला पाश्चात्य चित्रासारखा एक ठरावीक दृष्टिबिंदू नसतो. लांब गुंडाळी असते, ती टेबलावर उजवीकडून डावीकडे हातभर उघडत जायची, मागची गुंडाळत जायची. बघणारा चित्राबरोबर चालतो. वांग शीमंगने १११३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी काढलेली हजार कोसांच्या नद्या-डोंगरांची गुंडाळी जवळपास बारा मीटर लांब आहे, निळ्या-हिरव्या खनिज रंगांची, आणि त्यात पूल, होड्या, झोपड्या, चालणारी माणसं इतकी बारीक आहेत की नजर एका जागी ठरत नाही. एकदा डोंगराच्या पायथ्याशी असतो आपण, तर पुढच्या वळणावर डोंगराच्या वर. नेटईज या चिनी कंपनीने बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाबरोबर याच चित्रावरून एक मोबाइल गेम काढला होता, त्यात त्या निळ्या-हिरव्या डोंगरांमधून फिरायचं असतं. ग्वो शीला हवं होतं ते शब्दशः.

म्हणून मला वाटतं की अनरियल इंजिनवर बनवलेला झाडून सगळा थ्रीडी गेम, कितीही देवळं स्कॅन केली तरी, बघण्याच्या बाबतीत पाश्चात्यच राहतो. कॅमेरा म्हणजे एक डोळा. टूडी गेम त्या गुंडाळीच्या जास्त जवळ जातो. नाइन सोल्स मी खेळलेली नाही, स्क्रीनशॉट बघितलेत, त्यात कॉमिकसारख्या जाड रेघा आहेत, शाईची छटा नाही. पण पात्राबरोबर चित्र बाजूला सरकत राहतं हे मूळ तत्त्व तेच.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. शाईच्या चित्रात धुकं म्हणून, पाणी म्हणून नुसता कोरा कागद सोडलेला असतो आणि चित्राचा जीव त्याच्यात असतो. गेम बनवणाऱ्यांना कोरेपणाची भीती वाटते. नकाशावर दर पन्नास पावलांवर खजिना, प्रश्नचिन्ह, उडणारं काहीतरी. गेनशिन इम्पॅक्ट या गेममधलं लियुए नावाचं राज्य बघा, चीनमधल्या झांगजियाजियेच्या खांबांसारख्या डोंगरांवरून घेतलंय, धुकं काय सुंदर केलंय, आणि त्या धुक्यात प्रत्येक सुळक्यावर पेटी ठेवलीये.

रात्रपाळी

@शाईदौत ताई, गेनशिनची बाजू घेणारा कोणीतरी हवा म्हणून लिहितो :)

पेट्यांचं खरंय, गाचाचंही (पैसे भरून लॉटरीसारखी पात्रं काढणं) खरंय, त्यात पैसे घालू नका. पण लियुएची मुख्य कथा आठवा. तिथला देव झोंगली हजारो वर्षं राज्य करतो आणि एक दिवस सगळ्यांसमोर त्याचं प्रेत आकाशातून पडतं. नंतर कळतं की मरणाचं सोंग होतं, आपल्याशिवाय हे लोक शहर सांभाळू शकतात का ते त्याला बघायचं होतं. लोक सांभाळतात. मग तो परत गादीवर बसत नाही, साधा माणूस होऊन चहा पीत, कथा ऐकत फिरतो. ताओवादाचा मूळ पुरुष लाओत्से, त्याच्या ग्रंथात नवव्या प्रकरणात हेच आहे, काम झालं की मागे सरकावं, हीच स्वर्गाची रीत. सतराव्यात आहे की सगळ्यात चांगला राजा तो, ज्याचं काम झाल्यावर लोक म्हणतात हे आम्हीच केलं. मोबाइलवरच्या फुकट गेममध्ये कोट्यवधी पोरांनी हे खेळलंय.

आणि संगीत! लियुएच्या बऱ्याचशा धुना पाच सुरांच्या आहेत, सा रे ग प ध, म्हणजे आपला भूपच. शांघाय सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवलंय. माझ्या आजीने हेडफोन लावून ऐकलं आणि सकाळची भूपाळी कुठून लावलीस विचारलं.

खटका

कंट्रोलर, एक थेट प्रश्न. नाइन सोल्समध्ये पॅरी, म्हणजे वार अडवणं, आहे म्हणून तो ताओवादी? मग सेकिरोमध्ये तेच आहे, तो जपानी. रेड कँडलने स्वतः सेकिरोवरून घेतलंय असं उघड सांगितलंय. शत्रूचा वार आला की योग्य वेळी बटण दाबायचं, यात ताओ कुठून आला? खेळायच्या कुठल्याही पद्धतीवर आपण आपल्याला हवं ते तत्त्वज्ञान चिकटवू शकतो.

कंट्रोलर

@खटका, योग्य प्रश्न आहे, आणि याचंच उत्तर मला लिहायचं होतं.

ज्वांगझी या जुन्या ताओवादी विचारवंताच्या ग्रंथात डिंग नावाच्या आचाऱ्याची गोष्ट आहे. तो राजापुढे बैल कापतो आणि सुरी अशी फिरते की जणू नाच चाललाय. राजा विचारतो हे कसं जमतं. डिंग म्हणतो की साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो कारण तो हाडावर घाव घालतो, चांगला आचारी वर्षाला बदलतो, माझी सुरी १९ वर्षं झाली आणि अजून नुकतीच धार लावल्यासारखी आहे. कारण सांध्यांमध्ये जागा असते आणि सुरीच्या पात्याला जाडी नसते, मी त्या जागेतून जातो. आणि पुढचं वाक्य मला जास्त आवडतं: अवघड गाठ आली की तो थबकतो, नजर तिथेच खिळवतो, हात सावकाश करतो.

आता नाइन सोल्समध्ये काय होतं बघ. आपण खेळतो ते यी हे पात्र, त्याची तलवार फारशी काही करत नाही. नुसती मारत राहिलास तर बॉस हसून मरेल. वार अचूक वेळी अडवला की अंगात ची (प्राणशक्ती) साठतो. तो ची वापरून शत्रूच्या जवळून निसटताना त्याच्या अंगावर मंतरलेला कागद चिकटवायचा आणि तो फुटतो. म्हणजे तुझी ताकद तुझी नसतेच, ती समोरच्याच्या वारातून येते. सेकिरोमध्ये तू शत्रूचा तोल ढासळवतोस, पुढे जाऊन दाबत राहतोस, चढाई करणाराच जिंकतो. इथे घाई केलीस की संपलास.

त्यातही बारकावा असा की वेळ थोडी चुकली तर मार बसतो पण तो 'आतला' मार असतो, पुढे काही वेळ फटका लागू दिला नाहीस तर आपोआप भरून येतो. घाबरून किंवा चिडून तुटून पडलास आणि पुन्हा फटका बसला तर तोच पक्का होतो. चुकल्यावर लगेच काहीतरी करायची जी खाज असते ना, ती हा गेम हळूहळू काढून टाकतो. शेवटच्या यीगाँगच्या लढाईत मला अक्षरशः जाणवलं की मी श्वास रोखणं बंद केलंय.

आणि हे कथेशी जुळतं म्हणून मी याला चिकटवलेलं म्हणत नाही. यी शास्त्रज्ञ आहे, त्याच्या लोकांना मृत्यूवर मात करायची होती, त्या प्रयोगातूनच रोग पसरला. त्याची बहीण हेंग त्याला सांगत राहते की जे निसर्गाने येतं ते येऊ दे. तो तेव्हा ऐकत नाही. जो माणूस सगळं जोर लावून बदलायला गेला त्याच्याच हातात गेमने अशी लढायची पद्धत दिलीये जी जोर लावला की चालतच नाही. सेकिरोमध्ये पॅरी आहे, पण हे नातं नाही.

अजून एक. गेम सुरू होतो ते गाव म्हणजे पीचच्या फुलांचं गाव. ताओ युआनमिंगने पाचव्या शतकात लिहिलेली गोष्ट आहे, एक कोळी फुलांच्या बनातून वाट चुकतो आणि जगापासून तुटलेल्या सुखी गावात पोचतो. चिनी वाचकासाठी हे गाव म्हणजे स्वप्नातलं गाव. गेममध्ये तेच गाव म्हणजे माणसांचा गोठा, देवाला अर्पण करायच्या नावाखाली त्यांना कापायला पाळलंय. ती गोष्ट माहीत असेल तर पहिल्या अर्ध्या तासात पोटात खड्डा पडतो.

खटका

आतल्या माराचा मुद्दा मान्य. मी तो निव्वळ सेकंड चान्स समजत होतो. सेकिरोबद्दल नाही मान्य, पण त्याचा वेगळा धागा काढू.

लेण्याद्री

गेम खेळत नाही, मुलगा खेळतो, पण जुनी_पोथी यांच्या प्रतिसादावरून एक गोष्ट सांगावीशी वाटली. त्या कथेतला गुरू म्हणजे खराखुरा ह्युएन त्संग. ६२९ मध्ये निघाला, ६४५ मध्ये चीनला परतला, आणि मधल्या काळात, साधारण ६४१ च्या सुमारास, आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. पुलकेशी दुसरा राज्य करत होता. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहिलंय की साधे आणि प्रामाणिक आहेत, उपकार विसरत नाहीत, वैऱ्याला सोडत नाहीत, पण सूड घ्यायच्या आधी वैऱ्याला बजावून सांगतात. पूर्वेकडच्या डोंगरातल्या मोठ्या विहाराचं वर्णन आहे, दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, हे अजिंठाच असं अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही आहेत.

मुलाने मला गेममधल्या कोरलेल्या बुद्धमूर्ती दाखवल्या, चीनमधल्या युनगांग आणि दाझू लेण्यांच्या धर्तीवरच्या. डोंगर कोरून लेणी करायची ही परंपरा इथूनच मध्य आशियामार्गे तिकडे गेली, युनगांगचं काम ४६० च्या सुमारास सुरू झालं, म्हणजे अजिंठ्याची दुसरी फेरी चालू होती जवळपास तेव्हाच. त्यामुळे पोरांनो, ते सगळं परकं समजून खेळू नका. आणि आपल्या लेण्यांचं असं स्कॅनिंग करून कोणी गेम का करत नाही हे मला खरंच कळत नाही. गेमनंतर शान्शीच्या आडगावातल्या देवळांपुढे रांगा लागल्या असं वाचलं.

जुनी_पोथी

@लेण्याद्री, मनापासून आभार. एक जोडतो, गेम सायन्सचा संस्थापक फंग जी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वुकाँग करायच्या आधी टेन्सेंट या चिनी कंपनीत याच कथेवर एक ऑनलाइन गेम केला होता, तिथून बाहेर पडून २०१४ मध्ये कंपनी काढली, पहिला ट्रेलर २०२० मध्ये आला. एका कथेमागे इतकी वर्षं. आपल्याकडे असं कोणी करायचं तर आधी इतकी वर्षं एका गोष्टीला धरून बसणारी टीम लागेल, पैसे नंतर.

वाटचुकार

भटकण्याजोग्या गेमचा विषय निघालाय आणि व्हेअर विंड्स मीटचं नाव कोणी घेतलं नाही? दहाव्या शतकाचा, सुंग घराणं येण्याच्या उंबरठ्यावरचा काळ, अख्खं कायफंग शहर उभं केलंय, २०२५ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडेही फुकट आहे. त्यात मी मुख्य कथा सोडून वैद्यकी करत फिरतोय. ग्वो शीच्या चौथ्या प्रकारात बसणारा हा एकच मला सापडला, म्हणजे राहण्याजोगा. मेनू मात्र भयंकर आहेत, स्क्रीनवर इतक्या खिडक्या उघडतात की शाईदौत ताईंचा कोरा कागद शोधायला नको.

उलट उदाहरण जेड एम्पायर, २००५ चा, बायोवेअरचा. उघडा तळहात आणि मिटलेली मूठ असे दोन पंथ. सांगताना सांगितलं की हे चांगलं-वाईट नाही, दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि खेळायला घेतलं की मूठवाला पर्याय म्हणजे प्रत्येक वेळी गरिबाला लुबाडणं. यिन-यांगचं पुण्य-पापाचं मीटर करून टाकलं.

मधलीसुट्टी

एक राहिलं. नाइन सोल्सवाले रेड कँडल तैवानचे आहेत. त्यांचा २०१९ चा डिव्होशन चिनी नेत्याची चेष्टा करणारा एक कागद गेममध्ये सापडला म्हणून आठवड्याभरात स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातून काढावा लागला होता. तेव्हा 'चिनी' गेम म्हणताना सरकार, देश आणि परंपरा एकच धरू नये. ताओवर कोणाची मालकी नाही.

आता कामाचा प्रश्न, माझा लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. कुठून सुरुवात करू?

कंट्रोलर

@मधलीसुट्टी, मुद्दा शंभर टक्के बरोबर. वुकाँग विसर, त्याला १३० जीबी जागा आणि तगडं कार्ड लागतं. नाइन सोल्स टूडी आहे, जुन्या मशीनवर चालून जाईल, तरी घ्यायच्या आधी स्टीमवर मिनिमम बघून घे. स्टँडर्ड मोडने सुरू कर, पहिला मोठा बॉस यिंगझाओ, तो घोड्यासारखा, तिथे दोन-तीन तास गेले तरी मोड बदलू नकोस, तिथेच हात बसतो. त्यानंतरही नाहीच जमलं तर स्टोरी मोडमध्ये मार कमी-जास्त करता येतो. आणि मंडपात (यीच्या मुक्कामाच्या जागी) परत येशील तेव्हा श्वानश्वान या मुलाशी बोल, वाटेत सापडलेल्या वस्तू त्याला आणून दे, कारण खरा शेवट उघडायला ते लागतं. खटका, तू पण परत एकदा खेळ आणि सेकिरोचा धागा काढलास की इथे लिंक टाक.